‘काल रात्रीचे मला काही आठवत नाही’ : दारू आणि स्मरणशक्ती

भात मळून घरात आले की आमच्या खानापूर-बेळगावच्या बाजूला लग्ने, बाप्तिस्मे आणि फेस्ते यांचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या मागोमाग भांडणांचाही. ही भांडणे मिटवायला माणसे चर्चच्या व्हरांड्यात येऊन बसतात. त्यात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘फादर, मी तसे बोललोच नाही. बोललो असेन तर मला आठवत नाही.’ समोरचा म्हणतो, सोंग करतो आहे. बायको म्हणते, सोयीचे तेवढे बरे विसरतात हे! मग मूळ भांडण बाजूला राहते आणि खरे कोण बोलतो, यावर दुसरे भांडण उभे राहते.

दारूने आठवण खरोखरीच जाते काय? आमचे उत्तर असे की पुष्कळदा जाते. तो माणूस सोंग करीत नसतो. परंतु एवढ्याने त्याची सुटका होत नाही, उलट त्याच्या घरच्यांची काळजी वाढायला हवी.

प्रथम ‘आठवण जाते’ म्हणजे काय होते ते पाहू. सहकारी डेअरीत आपण सकाळी दूध घालतो. सेक्रेटरी ते मापतो, फॅट पाहतो आणि वहीत मांडतो. समजा एके दिवशी दूध घातले खरे, पण वहीत मांडलेच नाही. महिनाअखेर आपण कितीही वाद घातला तरी त्या पानावर काही सापडणार नाही. तिथे काही खोडलेले नाही. मुळात लिहिलेच गेलेले नाही. दारू नेमके हेच करते. आपल्या मेंदूत, दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. आत्ता घडत असलेल्या गोष्टी कायमच्या आठवणीत नोंदवण्याचे काम तो करतो. रक्तात दारू एका मर्यादेपलीकडे आणि झपाट्याने चढली की हा कारकून हातातली लेखणी खाली ठेवतो. बाकीचे कार्यालय मात्र चालूच असते. माणूस बोलतो, हसतो, पैसे मोजतो, शिव्या देतो, मोटारसायकल चालवून घरीही येतो. बघणाऱ्याला वाटते, याला सगळे कळते आहे. त्या क्षणी कळतही असते. दोन मिनिटांपूर्वीचे तो सांगू शकतो. अर्ध्या तासापूर्वीचे मात्र त्याच्याकडे नसते, आणि दुसऱ्या दिवशीही ते येत नाही.

हे अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथे डॉ. डोनाल्ड गुडविन यांनी १९७० च्या सुमारास दहा जुन्या मद्यासक्त पुरुषांना इस्पितळात ठेवून, चार तासांत प्रत्येकी सुमारे अर्धा लिटर व्हिस्की पिऊ दिली. पिणे चालू असताना त्यांना मुलांची खेळणी व इतर गोष्टी दाखवल्या आणि दोन मिनिटांनी, अर्ध्या तासाने व दुसऱ्या दिवशी विचारले, काय पाहिलेत? दोन मिनिटांनी बहुतेकांनी सांगितले. अर्ध्या तासाने मात्र निम्म्यांना एकही वस्तू आठवेना, आणि दुसऱ्या दिवशीही आठवली नाही. (आजच्या काळात असा प्रयोग करायला कोणी परवानगी देईल असे वाटत नाही.)

मेंदूतील त्या भागाचे काम शास्त्रज्ञांना कळले ते आणखी एका दुःखद प्रकरणातून. १९५३ साली अमेरिकेतील हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची फेफरे थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, लहानपणच्या आठवणीही बऱ्याचशा शाबूत. पण नवी आठवण होईना. रोज भेटणाऱ्या डॉक्टरला तो रोज नव्याने भेटे. २००८ साली मृत्यू येईपर्यंत तो असाच जगला. त्याची ती अवस्था शस्त्रक्रियेमुळे कायमची झाली. दारू प्यालेला माणूस काही तासांपुरता तीच अवस्था पैसे देऊन विकत घेतो.

या स्थितीला डॉक्टर ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. ते बेशुद्ध पडणे नव्हे. बेशुद्ध माणूस आडवा पडतो; ब्लॅकआउटमधला माणूस उभा असतो, आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा. याचे दोन प्रकार आहेत. एकात आठवणीची बेटे शिल्लक राहतात. कोणी खूण सांगितली की ‘हां, हां, आचारी आला होता खरा’ असे थोडे परत येते. दुसऱ्या प्रकारात तासांचे तास कोरे असतात, आणि कितीही खुणा सांगितल्या तरी काही येत नाही. पवित्र शास्त्राच्या वाचकांना उत्पत्तीच्या १९व्या अध्यायातील लोटाची गोष्ट ठाऊक असेल. दोन रात्री त्याच्या आयुष्यात काय घडले याचा त्याला पत्ताही लागला नाही, असे तिथे नमूद आहे. शास्त्रकाराला हिप्पोकॅम्पस ठाऊक नव्हता. पण द्राक्षारस प्यालेली माणसे त्याने नीट पाहिलेली असावीत.

असे फक्त अट्टल पिणाऱ्यालाच होते अशी समजूत पूर्वी डॉक्टरांचीही होती. ती आता टिकत नाही. वर्षातून दोनदा पिणाऱ्या कॉलेजच्या मुलालाही हे होते, कारण मुख्य प्रश्न किती वर्षे प्यालात हा नसून किती भरभर प्यालात हा आहे. उपाशीपोटी, घटाघट आणि पाण्याविना प्याले म्हणजे रक्तातील दारूचा आकडा एकदम उडी मारतो. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यास कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मुभा आहे. ब्लॅकआउट बहुधा त्याच्या पाचपट, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्यापुढे येतो. एखाद्याला त्याहून कमी प्रमाणातही येऊ शकतो. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातला आकडा अधिक वर जातो. झोपेच्या किंवा मानसिक ताणावरच्या काही गोळ्या घेणाऱ्याने तर दारूला शिवूच नये. दोन्ही मिळून आठवणीचे आणि श्वासाचेही नुकसान करतात.

आता थोडा हिशेब करू, कारण शेतकऱ्याला हिशेब पटतो. बाजारातल्या व्हिस्की, रम वगैरेंत शंभरात ४२.८ भाग अल्कोहोल असते. काजूची फेणीही साधारण याच जोराची. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आले. सामान्य माणसाचे शरीर तासाला आठ-दहा ग्रॅमच्या आसपास जाळते. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणजे रात्री नऊला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे तीन-चारपर्यंत दारू असते. शिवाय झोपेत मेंदू दिवसभराच्या नोंदी पक्क्या करीत असतो. दारूची झोप गाढ दिसते पण तुटक असते, त्यामुळे त्या दिवशी शुद्धीत असताना जे ऐकले-शिकले तेही कच्चे राहते. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीची विक्री बंद झाली खरी. पण तिच्या जागी ९० मिलीची कागदी पाकिटे आली. शर्टाच्या खिशात मावणाऱ्या त्या पाकिटात ३० ग्रॅम अल्कोहोल असते. हातभट्टीच्या मालाचा तर हिशेबच नाही. तिचा जोर भट्टीवाल्यालाही ठाऊक नसतो.

दोन गोष्टी येथे कायद्याच्या सांगावयाच्या आहेत, कारण आमच्या पाहण्यात जमिनीची अर्धी भांडणे रात्रीच्या बैठकीत सुरू झालेली आहेत. रोसाच्या रात्री थोरला भाऊ धाकट्याला ‘ओढ्याकडची पट्टी तुझी’ म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. धाकटा प्यालेला नसतो. त्याच्या मनावर ते कोरले जाते. थोरल्याच्या वहीत ते पानच कोरे. सहा महिन्यांनी एक म्हणतो शब्द फिरवला, दुसरा म्हणतो असे झालेच नाही, आणि दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२व्या कलमात स्पष्ट आहे की कराराच्या अटी समजणार नाहीत इतका प्यालेला माणूस त्या अवस्थेत करार करू शकत नाही. पण हे पुढे सिद्ध कोण करणार? ज्याने अंगठा दिला त्याला तर काहीच आठवत नाही, आणि बाकीचे साक्षीदार म्हणतात, ‘बोलत होता की व्यवस्थित!’ म्हणून संध्याकाळनंतर कोणताही कागद, मग तो सोसायटीच्या कर्जाचा असो की साध्या उसनवारीचा, पुढे सरकवू नये आणि कोणी सरकवला तर सही करू नये. सकाळी चहा घेऊन करावी.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. दारूच्या भरात कोणाचे डोके फोडले आणि नंतर ‘आठवत नाही’ म्हटले, तर कायदा ते ऐकून घेत नाही. जुन्या दंडसंहितेत असेच होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे : आपल्या इच्छेने प्यालेल्याला नशेची सबब नाही, कोणी नकळत किंवा जबरीने पाजली असेल तरच विचार होतो. आम्हांला हे योग्य वाटते. आठव्या पेल्यानंतरचे त्याला आठवत नाही हे खरे. पण पहिला, दुसरा आणि तिसरा पेला त्याने स्वतःच्या हाताने उचललेला त्याला लख्ख आठवतो. कबुलीजबाबाला येणाऱ्यांनीही तिथपासून सुरुवात करावी.

येथवर एका रात्रीची गोष्ट झाली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि तिचा संबंध थेट आपल्या भाताशी आहे. त्यासाठी आधी कोंबड्यांची एक हकीकत सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच सैनिक बेरीबेरी नावाच्या रोगाने पाय लुळे पडून मरत होते. ख्रिस्तियान आइकमन हे डॉक्टर त्याचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय तसेच लुळे पडू लागले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र, सडलेला-पॉलिश केलेला भात घातला जात होता. नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला, आणि त्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या. त्या कोंड्यात जे होते ते १९२६ साली जावातच शुद्ध रूपात वेगळे काढण्यात आले. तेच ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले; आचाऱ्याचे नाव कोणी फारसे घेत नाही.

मेंदूला साखरेपासून शक्ती मिळवण्यासाठी हे ब-१ लागते. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. रोज पिणारा माणूस जेवत नाही. जेवला तरी दारू आतड्यातून ब-१ शोषू देत नाही. आणि खराब झालेले यकृत ते साठवून ठेवत नाही. तिन्ही वाटा बंद. मग एके दिवशी तीन गोष्टी दिसू लागतात : डोळे नीट फिरत नाहीत किंवा एकाचे दोन दिसते, न पिताही चाल झोकांडते, आणि माणूस गोंधळून जातो. तिन्ही एकदम दिसतीलच असे नाही. एक दिसली तरी पुरे. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली हे वर्णन केले. याच टप्प्यावर ब-१ ची इंजेक्शने मिळाली तर पुष्कळ काही वाचते. न मिळाली तर माणूस दगावतो, किंवा पुढची अवस्था येते, जी मॉस्कोचे डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये जगापुढे मांडली. त्यात नवी आठवण होणे कायमचेच बंद पडते. जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी तो जेवायला मागतो. तीस वर्षांपूर्वीचा बैलांचा बाजार सांगतो, पण आज सकाळी मुलगी येऊन गेली हे सांगू शकत नाही. आणि मधली रिकामी जागा तो कल्पनेने भरतो : ‘सकाळी बेळगावला जाऊन आलो’ म्हणतो, घराबाहेर पडलेला नसताना. ते खोटे बोलणे नव्हे. त्याचा मेंदू फाटक्या कापडाला ठिगळ लावीत असतो, आणि ठिगळ कुठले हे त्याला स्वतःलाही कळत नाही. उपचार आणि दारूबंदी यांनी काहीजण बरेच सुधारतात, बरेचजण थोडे सुधारतात, आणि काही तसेच राहतात.

आमच्या भागातले दुःख असे की अशा माणसाला घरचे लोक ‘म्हातारपण आले’ म्हणून कोपऱ्यात बसवतात. पन्नास-पंचावन्न हे काय विसरायचे वय झाले? आणि थकवा दिसला की आपल्या लोकांचा आवडता उपाय म्हणजे सलाईन. येथे सावध असावे. ब-१ संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज गेले तर उरलेसुरले ब-१ ही खर्ची पडते आणि मेंदूचा आजार बळावू शकतो. म्हणून डॉक्टर अशा रोग्याला ब-१ आधी किंवा ग्लुकोजच्या बरोबरच देतात; पण त्यासाठी तो पिणारा आहे हे त्यांना ठाऊक हवे. ‘थोडीशी घेतात कधीमधी’ असे लाजेने सांगू नये. किती, किती वर्षे आणि शेवटची कधी, हे स्पष्ट सांगावे. त्या खोलीत अब्रू जाण्याची भीती धरली तर माणूस जाईल.

अन्नाबद्दल थोडेसे. हातसडीचा आणि उकडा तांदूळ यांत ब-१ टिकून राहते. गिरणीत चकचकीत केलेल्या तांदळात फार थोडे उरते. ते पाण्यात विरघळते, म्हणून तांदूळ पाच-पाच वेळा धुणे आणि पेज ओतून देणे हे दोन्ही वाईट. ज्वारीची भाकरी, कुळीथ, हरभरा, शेंगदाणे, तीळ यांत ते चांगले असते. आपला कोंडा आपण गुरांना घालतो आणि मग औषधाच्या दुकानातून ब-१ च्या गोळ्या आणतो! मात्र भाकरी खाऊन प्याले की बाधत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. दारू मेंदूच्या पेशींना स्वतंत्रपणेही इजा करते. पोट भरलेले असले म्हणून ती टळत नाही. तरुण मुलांचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, तेव्हा लग्नात ‘आता मोठा झाला’ म्हणून पुतण्याच्या हाती पेला देणाऱ्या काकांनी तो हात मागे घ्यावा.

घरी काय करावे? त्या रात्री वाद घालू नये. आपण जे बोलाल ते लिहिलेच जाणार नाही, मग घसा कशाला कोरडा करावा? मोटारसायकलची किल्ली, विहिरीवरच्या मोटरची पेटी आणि फवारणीची औषधे त्याच्या हातापासून दूर असावीत. औषध दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची आपल्याकडची सवय तर प्राणघातक आहे. तो झोपला तर कुशीवर निजवावे, उताणा नव्हे. हाका मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार संथ असेल किंवा अंग गार लागत असेल तर ‘उतरेल सकाळी’ म्हणत बसू नये, इस्पितळात न्यावे. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो शुद्धीत आणि जेवलेला असताना, काय काय घडले ते शांतपणे, तिखटमीठ न लावता सांगावे. काही घरांत प्रेमापोटी सगळे झाकतात : फुटलेली काच बदलतात, शेजाऱ्याची माफी आपणच मागून येतात. मग त्या माणसाच्या दृष्टीने ती रात्र घडलीच नाही. ज्याच्याकडे स्वतःची आठवण नाही त्याला दुसऱ्याने सांगितलेल्या आठवणीवरच चालावे लागते. तीही आपण त्याला नाकारली तर त्याने पेला का ठेवावा?

आणि एक इशारा. दहा-पंधरा वर्षे रोज पिणारा माणूस आमचे किंवा आणखी कोणाचे बोलणे ऐकून, क्रुसासमोर हात ठेवून एका दिवसात दारू बंद करतो. त्याच्या निश्चयाचे कौतुक करावे, पण त्याला एकटे सोडू नये. शरीराला सवय झालेली असल्याने पहिल्या दोन दिवसांत हात कापणे, घाम, फिट येणे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन भडकणे असे होऊ शकते. यात माणसे दगावतात. पुष्कळदा घरचे लोक बाहेरचे लागले म्हणून देवऋष्याकडे धावतात आणि वेळ जातो. तेव्हा अशाने सरकारी इस्पितळात डॉक्टरांच्या नजरेखाली दारू सोडावी. तिथे ब-१ ही मिळते. पुढे न पिता राहण्यासाठी सोबत लागते. ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांत मिळते. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनीच, एका दलालाने आणि एका डॉक्टरने, सुरू केली. आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन उभे केले. भारत सरकारचा व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ असे दोन दूरध्वनी आहेत. दोन्हींना पैसे पडत नाहीत आणि फोन बायकोने किंवा मुलाने केला तरी चालतो. दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे विसराळूपणा तसाच वाटेल, चिडचिडही होईल. काही महिन्यांत लक्ष लागू लागते आणि वर्षभरात पुष्कळांची स्मरणशक्ती बरीच परतते. तोवर त्याने खिशात छोटी वही ठेवावी आणि खत कधी टाकले, पाणी कुठल्या वाफ्याला सोडले, कोणाला किती दिले, हे त्यात तारखेनिशी लिहीत जावे.